मांडवामागचं टेबल

सिस्टरबाई कुठलाही पेला तोंडाला लावण्याआधी नाकाला लावत. पाणी असो, ताक असो, माझ्या घरचा चहा असो. डोळे मिटून एक लांब श्वास, मग घोट. "आधी वास," एवढंच म्हणत. पहिल्या वेळी मला रागच आला होता. माझ्या चहात काय असणार? पण मी आमच्या चर्चच्या भगिनी मंडळाची चिटणीस आणि दारूबंदीचं सगळं काम त्यांच्याकडे. रागावून चालणार नव्हतं.

लातूरकडच्या लग्नांना तुम्ही गेला असाल, तर मांडवामागची ती जागा तुम्हीही पाहिली असेल. जनरेटरच्या पलीकडे, पाण्याच्या टँकरच्या आडोशाला, जिथे पोरं एकेक करून गायब होतात. आमच्या मंडळाचं सरबताचं टेबल मी यादीत 'प्रवेशद्वाराजवळ' लिहिलं होतं. सिस्टरबाईंनी ते खोडून 'मांडवामागं' केलं. पांढरी चादर, दोन पिंपं आणि छातीवर दारूबंदीची पांढरी फीत लावलेल्या त्या. शर्टाखाली बाटली दडवून पोरं आली की समोर ह्या उभ्या.

"सलाम, बाळांनो. लिंबू की पन्हं?"

त्या दवाखान्यात नर्स होत्या, त्यातली निम्मी पोरं त्यांच्याच हातावर जन्मलेली. एकजण उर्मटपणे काही बोलायला गेला, तर म्हणाल्या, "तू पायाळू हायस. तवापासनं तुझं सगळं उलटंच." बाकीची पोरं इतकी हसली, की त्याला पन्हं घ्यावंच लागलं.

त्या उपदेश करत नसत. जन्मभराची शपथही मागत नसत. एक वही होती. दारू सोडणाऱ्याने दर रविवारी उपासनेनंतर तीत सही करायची. "पुढच्या रविवारपर्यंत, बस्स," त्या सांगत. मी म्हटलं, निदान महिन्याची तरी घेऊ या, वहीची पानं वाचतील. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दुसऱ्याच दिवशी नवी वही आणली.

शांतवनची सही त्या वहीत सगळ्यांत वेडीवाकडी. तो किल्लारी-लातूर काळीपिवळी चालवायचा. त्याची बायको रूथ आमच्या मंडळात होती. काही वर्षांपूर्वी तो पिऊन प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीला, आला होता, रांगेत अडखळला, आणि तेव्हापासून प्रभुभोजनाच्या टेबलाजवळ गेलाच नाही. शेवटच्या बाकावर बसायचा आणि भोजन सुरू झालं की बाहेर जाऊन गाडी पुसायचा. वहीत वर्षभर सह्या झाल्यावर सिस्टरबाई म्हणाल्या, "आता ये की रं पुढं." रूथने त्या रविवारसाठी त्याला नवा शर्ट शिवून घेतला.

आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला द्राक्षांचा साधा रस असतो आणि तो सिस्टरबाईच करायच्या. बुधवारी उकळून, गाळून त्यांनी बाटली माझ्या फ्रिजमध्ये ठेवायला दिली. गुरुवारी एक लग्न होतं. पन्ह्यासाठी फ्रिजमध्ये जागा हवी, म्हणून मी बाटली काढून खिडकीत ठेवली. यादीत 'फ्रिज रिकामा करणे' होतं, त्यावर खूण केली. 'रस परत आत ठेवणे' यादीत नव्हतंच. एप्रिलमधलं लातूर. शनिवारी संध्याकाळी बाटली दिसली, आत ठेवली आणि विसरले.

रविवारी उपासना सुरू झाल्यावर आम्ही दोघी चर्चमागच्या खोलीत पेले मांडत होतो. सिस्टरबाईंनी बूच फिरवलं. फुस्स झालं. त्यांनी बाटली नाकाला लावली आणि डोळे उघडलेच नाहीत.

मी सगळं सांगून टाकलं. मग माझ्यातली चिटणीस बोलली, की घोट चमचाभरच असतो, कुणाला कळणार आहे.

"शांतवनला कळंल," त्या म्हणाल्या. "पैल्या घोटालाच कळंल."

दारातून पाहिलं तर तो पहिल्या बाकावर, नव्या शर्टात, गुडघ्यांवर हात ठेवून बसलेला.

सिस्टरबाईंनी बाटली मोरीत ओतली आणि मला समोरच्या रशीदभाईंच्या दुकानात पिटाळलं. काळे मनुके, असतील तेवढे. रशीदभाईंनी, प्रार्थनेसाठी हवेत म्हटल्यावर, आधी दोन वेळा निवडून मग दिले. मी तिथे घड्याळ पाहत उभी. परत येईपर्यंत इकडे पातेल्यात पाणी उकळत होतं आणि पाळकसाहेबांकडे चिठ्ठी गेली होती: 'उपदेश लांबवा.' अशी विनंती त्यांना जन्मात कुणी केली नसावी. ते इतके खुलले, की बायबलमधल्या काना गावच्या लग्नावरून निघून थेट नोहाच्या तारवात शिरले. प्राणी जोडीजोडीने आत जात होते, तोवर मनुके मऊ होत होते. मी कुस्करत होते, सिस्टरबाई पंच्यातून गाळत होत्या. पातेलं माठातल्या पाण्यात ठेवून निववलं, तेव्हा तारू डोंगराला टेकत होतं.

पेले पुढे नेण्याआधी त्या सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, मंडळाच्या हातून आज चूक झाली, रसाची दारू झाली होती, ती ओतून दिली, हा मनुक्यांचा ताजा रस आहे. माझं नाव घेतलं नाही. मग तबक घेऊन सरळ शांतवनपुढे गेल्या.

"आधी वास घे."

तो वाकला. सगळं चर्च त्याच्या नाकाकडे पाहत होतं. त्याने एकदा श्वास घेतला, मग खात्रीसाठी पुन्हा एकदा.

"मनुका हाय," तो म्हणाला. "जरा करपलाय."

आधी रूथ हसली, मग पाळकसाहेब, मग सगळेच. त्या हसण्यातच त्याने पेला उचलला. एका घोटात रिकामा केला. त्या दिवशी कुणी बाहेर जाऊन गाडी पुसली नाही.

दोन वर्षांपूर्वी सिस्टरबाई हदगावला लेकीकडे राहायला गेल्या. गुडघे साथ देईनात. वही आता माझ्याकडे आहे, आणि माझ्या प्रत्येक यादीच्या शेवटी 'वास' अशी एक ओळ असते.

गेल्या महिन्यात शांतवनच्या मुलीचं लग्न झालं. मी यादी तीन वेळा तपासली होती. ऐन गर्दीत सिस्टरबाईंचा फोन आला. नवरी कशी दिसते, जेवायला काय, काहीच विचारलं नाही.

"मांडवामागं कोण हाय?"

यादीत ते नाव राहून गेलं होतं. फोन कानाला धरूनच मी धावत मागे गेले. जनरेटरपलीकडे पांढरी चादर अंथरलेली होती. फेटा बांधलेला एक माणूस पिंपाचं झाकण काढून, डोळे मिटून, वास घेत होता. समोर तीन पोरं शर्टाखाली हात घालून अवघडून उभी.

"सलाम, बाळांनो," तो म्हणाला. "लिंबू की पन्हं?"

"अगं, कोण हाय?" फोनवर पुन्हा विचारणा झाली.

"नवरीचा बाप," मी सांगितलं.