बाबांची उचकी

अर्धांगाच्या झटक्यातून बाबा वाचले म्हणून आम्ही हुश्श केलं, तर त्यांना उचकी लागली. लागली ती सुटेचना. गोळ्या झाल्या, इंजेक्शन झालं, साखर झाली. घोटभर पेज पोटात गेली की उचकीसरशी बाहेर. डॉक्टर म्हणाले, अन्न टिकलं नाही तर माणूस टिकणार नाही. इतकं तोंडावर सांगायचं त्यांचं काही अडलं नव्हतं, पण सांगितलं.

मी जरीपटका भागातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. हातात काही उरलं नाही की शब्दांकडे पळायचं, ही माझी जुनी खोड. कूलरसमोर बसून मी मोबाइलवर ‘हिकप’ कुठून आला ते शोधलं. कुठूनच नाही. आधी हिकेट, हिकॉक असं काहीबाही म्हणत, मग हिकप. घशातून निघतो तो आवाज, तोच शब्द. पुढं कुणा शहाण्यानं त्याचं नातं खोकल्याशी जुळवलं, तेही चुकीचंच. हिंदीतली हिचकी, संस्कृतातली हिक्का, सगळीकडे तोच आवाज. कुणाच्या आठवणीचा त्यात मागमूस नव्हता. मला फार एकटं वाटलं.

आईला हे सांगून उपयोग नव्हता. कुणीतरी आठवण काढतं म्हणून उचकी लागते आणि बरोबर नाव घेतलं की थांबते, हे तिचं शास्त्र. ती खाटेशी बसून एकेक नाव घेत होती आणि प्रत्येक नावानंतर बाबांच्या छातीकडे बघत होती. आत्या, मामा, भाचरं, खापरखेड्याच्या वीजकेंद्रात बाबांसोबत राबलेली माणसं. नाव, मग उचकी. शेवटी ती वारलेल्यांवर आली. काकांचं नाव ऐकलं आणि माझं डोकं फिरलं.

“आई, मेलेल्याइची नावं काहून घेऊन राहिली तू?”

“जित्याइची सरली,” ती म्हणाली. “आता याइले आठवणारे आपण दोघीच. अन् आपण तं इथंच बसलो. जवळ बसून आठवण होत नाही वं. तू दूर जाय, अन् आठव. मी तुहं नाव घेतो.”

एरवी मी हसले असते. मी चपला घातल्या. फाटकाबाहेर भर उन्हात उभी राहून बाबांना आठवू लागले. पाळी संपवून आलेले, कानांच्या पाळ्यांत कोळशाची राख बसलेले, मला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडणारे. आतून आईनं माझं नाव घेतलेलं ऐकू आलं. मागोमाग उचकी.

मी चौकापर्यंत चालत गेले. तिथं मोबाइल वाजला.

“थांबली नाही वं,” आई म्हणाली. “अजून दूर जाय.”

मी ऑटोला हात केला. कुठं जायचं, असं ऑटोवाल्यानं विचारलं. लांब, मी म्हणाले.