शनिवारची मित्रमंडळी

आमच्या यांनी परदेशात लिफ्ट दुरुस्तीची नोकरी धरली, तेव्हाच मी सांगून टाकलं होतं की लेक कॉलेजात जाईपर्यंत मी काही हलत नाही. लेक हॉस्टेलला गेली आणि फोनवर यांचा धोशा सुरू झाला, आता ये. मी एकच विचारलं, "तिथे माणसं आहेत का, की भिंतींशी बोलायचं?" मला बोलायला माणूस लागतं. भाजी आणायला गेले तरी अर्धा तास लागतो मला, त्यात भाजीचा वेळ फारच थोडा.

"अगं, मोठा ग्रुप आहे आमचा!" हे म्हणाले, आणि पुरावा म्हणून पोस्टाने फोटो यायला लागले. यांनी जुन्या बाजारातून रोलचा कॅमेरा उचलला होता. दर शनिवारी तो गळ्यात अडकवून स्वारी भटकायला निघायची. फोटोंच्या मागे पेन्सिलीने लिहिलेलं असे : 'आपला मिशीवाला', 'आपले प्रोफेसर', 'आपल्या ताई, टोपी नवीन'. मिशीवाला माझा विशेष लाडका. प्रत्येक फोटोत पोट आत घेऊन ताठ उभा. मी फोनवर त्याची चौकशी करायची आणि हे सांगायचे, "मजेत आहे. तुला नमस्कार सांगितलाय."

शेवटी मी गेले. पण परतीचं तिकीट काढूनच. जीव रमला तर राहीन, नाहीतर आपलं घर बरं, असं यांना विमानतळावरच ऐकवलं.

घर म्हणजे एक खोली. फ्रिजमध्ये दुधाला खेटून रोल धुवायच्या औषधाची बाटली. न्हाणीघरातल्या दोरीवर मोज्यांच्या रांगेत चिमट्याला लटकवलेल्या निगेटिव्हच्या पट्ट्या. पहिल्याच सकाळी मी ते औषध चहात ओतणार होते. यांनी हात धरला म्हणून वाचलो.

शनिवारी ग्रुपसाठी दोन मोठे डबे भरून खाऊ केला. यांचा चेहरा मात्र सकाळपासून उतरलेला. म्हणाले, "प्रोफेसर गावाला गेलेत."

"आणि ताई?"

"त्यांना सर्दी झालीये."

"मिशीवाला तरी धडधाकट आहे ना?"

"त्याला शनिवारी काम असतं."

"मग दर शनिवारी फोटोत कोण असतं?" मी विचारलं. यांना एकदम बुटाची नाडी सापडेना.

नदीपलीकडे जायला बोट होती. पाहते तर काय, बोटीच्या दाराशी गणवेश घालून तिकिटं फाडत मिशीवालाच उभा! मला इतका आनंद झाला की "भावजी!" म्हणून मी डबाच पुढे केला. त्याने डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तिकिटासाठी हात पुढे केला. यांच्याकडे पाहून तर पापणीही हलली नाही.

"अहो, बोला ना!" मी म्हटलं. हे इतके गडबडले की सवयीने कॅमेराच डोळ्याला लावला. त्याबरोबर मिशीवाल्याने पोट आत घेतलं, ताठ उभा राहिला आणि तोंडभर हसला. तो कॅमेऱ्याला ओळखत होता. मागचा माणूस त्याने कधी धड पाहिलाच नव्हता.

पितळ उघडं पडलं. प्रोफेसर म्हणजे बागेतल्या बाकावर पेपर वाचणारे कुणी गृहस्थ. ताई म्हणजे बसची वाट बघणारी बाई. बोटीतल्या बाकावर बसून मी यांची चांगली हजेरी घेतली. "मला फसवून आणायला एवढा खटाटोप?"

"फसवायला नाही काढले गं," हे नदीकडे बघत म्हणाले. "फोटो त्याआधीपासूनच काढतोय. शुक्रवारी कामावरून सुटलो की, तुझा फोन सोडला तर, सोमवारपर्यंत तोंडातून शब्द निघत नाही. फोटो काढायचा म्हटलं की 'जरा इकडे बघता का' एवढं तरी बोलावं लागतं. या कॅमेऱ्यात सगळं हाताने जुळवायचं, वेळ लागतो. तेवढा वेळ माणूस आपल्यासमोर थांबतो."

तिकडे घरी आमच्या इमारतीतलं शेंबडं पोरसुद्धा ज्याला हाक मारल्याशिवाय जिना उतरत नाही, तो हा माझा नवरा. रागही होताच, रडूही येत होतं, आणि लोक बघत होते.

"उठा," मी म्हटलं. डबा उघडून सरळ मिशीवाल्याकडे गेले आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याचं नाव विचारलं. त्याने एक घास घेतला, दुसरा घेतला, नाव सांगितलं, मला जमेना म्हणून पुन्हा सांगितलं. मग हात पुसून यांच्यापुढे केला.

"ऐकलंत ना नाव?" मी यांना म्हटलं. "पुढच्या शनिवारी कॅमेरा न उचलता हाक मारायची. मी शेजारी उभी असेन."

"अगं, पण तुझं तिकीट गुरुवारचं आहे," हे हळूच म्हणाले.

"माहीत आहे मला. तुम्ही हाकेचं बघा."