जर्मनीचे किल्ले, पार्किंगमधून

आधीच माफी मागून ठेवतो. माझं शिक्षण नववीपर्यंत झालं, तेही पूर्ण नाही. वेलांटी पहिली की दुसरी, हे मी अंदाजाने ठरवतो. शब्दही साधेच आहेत, कारण दुसरे मला येत नाहीत. आणि किल्ल्यांची नावं मी लिहिणारच नाही. ती मला इंग्रजीत जमत नाहीत आणि मराठीत लिहिली तर जर्मन लोकांना वाईट वाटेल.

मी किशोर, नशिराबादचा आचारी. लग्नं, साखरपुडे आणि हिवाळ्यात भरीत पार्ट्या, हा माझा धंदा. गेल्या उन्हाळ्यात जळगावच्या प्रसादभाऊंनी आपल्याकडची अठ्ठावीस माणसं जर्मनीला फिरायला नेली. आठ दिवस, सात किल्ले. तिकडचं जेवण आपल्या लोकांना चालणार नाही म्हणून मला सोबत घेतलं. माणसांची बस पुढे आणि माझी किचनची गाडी मागे.

मेथीची भाजी शिजली की कमी होते. सहलीचे किस्से उलटे, शिजले की वाढतात. परत येऊन चार महिने झाले तरी कोणी ना कोणी भेटतं आणि नवा किस्सा निघतो. शेवटी माझी बायको मनीषा म्हणाली, "एकदा लिहून काढा. तुम्ही दर वेळी थोडं वाढवून सांगता."

म्हणून हे न वाढवता लिहितो.

*

व्हिसासाठी मुंबईला गेलो होतो. प्रसादभाऊंनी मला इंग्रजीत दोन वाक्यं पाठ करून दिली होती. "आय ॲम कुक" आणि "आय विल कम बॅक". म्हणाले, त्यांना एकच भीती असते, माणूस तिकडेच राहून जाईल. तेवढी काढून टाक.

जळगावहून मुंबईपर्यंत मी गाडीत ती दोन वाक्यं म्हणत होतो. शेजारचा माणूस कल्याणच्या आधीच दुसऱ्या सीटवर जाऊन बसला.

काचेच्या पलीकडे एक मॅडम होत्या. त्यांनी मान वर केली आणि माझं नाव विचारलं.

मी म्हणालो, "आय विल कम बॅक."

त्यांनी परत नाव विचारलं. मी परत सांगितलं, जरा जोरात. मग त्यांनी माझ्या कागदांवरूनच नाव वाचून घेतलं. आणखी काही विचारलं त्यावरही मी तेच म्हणालो. शेवटी मॅडम मराठीत म्हणाल्या, "दादा, तुम्ही आधी जा तरी."

*

पहिला किल्ला पांढरा होता. डोंगरावर, जंगलात, टोकदार मनोरे, निळी छपरं. मनीषा अंगणवाडी सेविका आहे. तिच्या मुलांना गोष्टीतला राजवाडा काढायला सांगितला की ती अगदी असाच काढतात. मला वाटायचं मुलं मनाने काढतात.

आमच्यात साक्रीचे नाना होते. वय सत्तरच्या पुढे, डोक्यावर टोपी. मुलाने बळेच पाठवलं होतं. नाना बसमधून उतरले, कमरेवर हात ठेवून किल्ला बघत राहिले आणि त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "हाऊ खरा शे?"

प्रसादभाऊ म्हणाले, "खरा म्हणजे? राजाने बांधलाय."

"आमना लळिंगना किल्ला पडेल शे, म्हनीसन खरा वाटस. याले ते कालदिन रंग दिधा अशा दिखस." म्हणजे आमचा पडका आहे म्हणून खरा वाटतो, याला काल रंग दिल्यासारखा दिसतो.

प्रसादभाऊंनी राजा, त्याचं राज्य, सगळं समजावलं. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. आपल्याकडे हायवेवर जी नवी मंगल कार्यालयं झाली आहेत, त्यांच्या कमानी आठवत असतील त्यांना. किल्ल्याकडे बोट दाखवून त्यांनी हळूच विचारलं, "ते जाऊ दे. लगीन कोनं शे?"

*

प्रसादभाऊंचा नियम होता. माणसं किल्ला बघून खाली उतरली की ताट तयार पाहिजे. म्हणजे माणसं वर असतील तेव्हा मी पातेल्याजवळ. शेगडी सोडून जाता येत नाही. सात किल्ल्यांची पार्किंगं मी जेवढी बारकाईने पाहिली, तेवढी जर्मनीत राहणाऱ्यांनीही पाहिली नसतील.

प्रसादभाऊ वाईट माणूस नाही. मागितला असता तर तासभर दिला असता. पण मागायचं मला जमत नाही. वाक्य मनात नीट तयार होतं, तोंडापर्यंत येतं आणि तिथून "भाऊ, मीठ संपत आलं" असं होऊन बाहेर पडतं. पहिल्या तीन दिवसांत प्रसादभाऊंनी चार किलो मीठ आणून दिलं.

इकडे मनीषाने अंगणवाडीत सांगून टाकलं होतं, आमच्या घरचे राजाचं घर आतून बघून येणार आहेत. मुलं रोज विचारायची. ती रोज मला फोनवर विचारायची, "आज आत गेले का?"

मी म्हणायचो, "उद्या."

दुसऱ्या किल्ल्याचा मी तिला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "छान आहे. पण किल्ल्यापेक्षा तुमचं पातेलंच मोठं दिसतं."

*

तिसऱ्या दिवशी एका जुन्या गावात गेलो. गाव असं की जणू बिस्किटाची घरं करून कोणीतरी मांडून ठेवली आहेत. भिंतींवर लाकडाच्या आडव्यातिडव्या पट्ट्या, खिडक्याखिडक्यांत लाल फुलं. सगळे फोटो काढत होते. निघताना मोजलं तर सत्तावीसच भरले. जामनेरच्या अक्का नव्हत्या.

प्रसादभाऊंचा चेहरा उतरला. अक्का एकट्या, इंग्रजी येत नाही, फोन बसमध्ये. पाऊण तास सगळं गाव पालथं घातलं. मग एका घराचं दार उघडलं आणि अक्का बाहेर आल्या. हातात मुरंब्याची बरणी. मागे दारात एक जर्मन आजी, डोळे पुसत.

झालं असं की अक्कांना वाटलं, एवढं सुंदर घर म्हणजे तिकीट काढून बघायचं असणार. त्या दार ढकलून आत गेल्या आणि पलंगापर्यंत सगळं बघून घेतलं. आजी आधी दचकली, मग तिने कॉफी केली.

प्रसादभाऊ म्हणाले, "अक्का, पाऊण तास काय बोलत होत्या तुम्ही?"

"सुनांबद्दल."

"पण तिची भाषा तुम्हाला येत नाही, तुमची तिला येत नाही."

अक्का बसची पायरी चढता चढता म्हणाल्या, "सुनांबद्दल बोलायला भाषा कशाला लागते?"

*

चौथ्या दिवशी भरीत करायचं ठरलं. माझ्या गाडीचा ड्रायव्हर तोमाश, पोलंडचा. त्याच्यासोबत मोठ्या दुकानात गेलो. आपल्यासारखी हिरवी वांगी नव्हती, काळी होती. होती तेवढी बारा किलो घेतली.

काउंटरवरची मुलगी वांग्यांचा ढीग बघून हसली आणि काहीतरी विचारलं. एवढ्या वांग्यांचं काय करणार, असं असावं. मला भाषा येत नाही, पण कामाचं कोणी विचारलं की मला बरं वाटतं. मी हातानेच सांगायला लागलो. आधी जाळायचं. मग कातडी सोलायची. मग लाकडाच्या दांड्याने ठेच ठेच ठेचायचं.

दांडा मी जरा जोरात दाखवला असेन. मुलगी खुर्ची मागे सरकवून उभी राहिली आणि तिने साहेबांना बोलावलं. तोमाश धावत आला. तो त्यांच्याशी काय बोलला ते मला कळलं नाही. पण त्यानंतर दर वेळी तो दुकानात एकटाच जायचा.

*

एक दिवस किल्ला नव्हता. नुसते डोंगर, तळं, आणि नजर जाईल तिथपर्यंत हिरवं गवत. गळ्यात घंटा बांधलेल्या गायी. सगळे अहाहा करत होते. नाना मात्र बूट काढून गवतात पाय दाबून बघत होते.

त्यांनी प्रसादभाऊंना विचारलं, "आठे गवतले पानी कोन देस?"

"कोणी नाही नाना. पाऊस पडतो."

"बारा महिना?"

"बाराही महिने. थोडा थोडा, पण पडतो."

नानांनी परत एकदा गवत दाबून बघितलं. त्यांचं गाव पावसावर चालतं. पाऊस आला का, कधी येणार, किती झाला, यावर तिथे वर्ष निघतं. संध्याकाळी मी त्यांना चहा दिला तेव्हा ते म्हणाले, "किशोर, मंग हाई लोके एकमेकसंगे बोलतस काय?"

*

आता शेवटचा मुक्काम. तिथला राजवाडा लहान होता, पण पार्किंगपासून अगदी जवळ. दारावरचं नक्षीकाम मला शेगडीवरून दिसत होतं.

दुपारी माणसं बघून आली ती एकच गोष्ट सांगत आली. इथला राजा लाजाळू होता, एकटा जेवायचा. त्याच्या जेवणाचं टेबल जमिनीतून खाली जायचं, खालच्या स्वयंपाकघरात आचारी ते भरायचा आणि यंत्राने परत वर पाठवायचा. राजाला आचाऱ्याचं तोंडसुद्धा दिसायचं नाही.

"तुझ्यासारखाच राजा रे," प्रसादभाऊ म्हणाले, आणि सगळे हसले. मीही हसलो. पण माझ्या डोक्यात राजा नव्हता. खालचा आचारी होता. त्याची चूल केवढी होती? वर गेलेलं जेवण आवडलं की नाही, हे त्याला कसं कळायचं? दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आमची बस विमानतळाला निघणार होती.

संध्याकाळी सगळ्यांचा चहा झाला. अर्धा तास मोकळा होता. मी नुसता दारापर्यंत गेलो. खरंच नुसता बघायला. दारात मोठ्या मिशांचा पहारेकरी फोन कानाला लावून उभा होता. माझ्याकडे बघत त्याने मान हलवली आणि म्हणाला, "या."

मी मागे वळून बघितलं. माझ्यामागे कोणी नव्हतं.

"या, या," तो परत म्हणाला.

घरी मनीषा सोडली तर मला आजवर कोणी 'या' म्हटलेलं नाही. सगळे 'ये रे' म्हणतात. माणूस एवढा मान देतोय म्हटल्यावर मी बूट काढले, भिंतीला नीट लावून ठेवले आणि मोज्यांवर आत गेलो.

फरशी आरशासारखी होती. छताला सोनं, भिंतींना सोनं, पण मी खाली जाणारा जिना शोधत होतो. तो सापडला. खाली एक दोरी आडवी बांधली होती. दोरीवरून वाकून बघितलं तर लांब एका चुलीचा कोपरा दिसला. विटांची होती. एवढंच दिसलं, तेवढ्यात मागून पावलं वाजली.

पहारेकरी होता. एका हातात माझे बूट. फोन मान वाकडी करून खांद्यात धरलेला. दुसऱ्या हाताने माझा दंड धरला आणि मला जिन्यावरून वर, दालनातून पुढे, थेट दाराबाहेर नेऊ लागला. आणि सगळा वेळ तोंडाने म्हणत होता, "या... या, या... या."

बाहेर प्रसादभाऊ पळत आले. मी म्हणालो, "भाऊ, त्यानेच बोलावलं. या, या म्हणाला."

प्रसादभाऊ खालीच बसले. हसू थांबल्यावर म्हणाले, "अरे, यांच्यात 'या' म्हणजे 'हो'. तो फोनवर बोलतोय. पाचला बंद होतं हे. तिकीट काढून जायचं, सकाळी नऊला उघडतं."

नाना म्हणाले, "मंग बाहेर काढाले काय म्हनतस?"

जेवताना ताट घ्यायला येणारा प्रत्येक जण मला "या, या, किशोरशेठ" म्हणत होता. मीही सगळ्यांसोबत हसत होतो. मग मनीषाचा फोन आला.

"आज आत गेले का?"

"गेलो. मोज्यांवर."

"खरंच? काय पाहिलं?"

"चुलीचा कोपरा."

ती म्हणाली, "मुलांना कोपरा सांगू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहे टाकले. पावणेनऊला अठ्ठावीस माणसं ताटल्या घेऊन उभी होती. मी ॲप्रन काढून प्रसादभाऊंच्या गळ्यात घातला आणि झारा त्यांच्या हातात दिला.

"भाऊ, हलवत राहा, खाली लागतील. मी राजाचं स्वयंपाकघर बघून येतो."

"अरे, पण किशोर..."

मागून अक्कांचा आवाज आला, "प्रसाद, गॅस बारीक कर आधी."

मी जाऊन तिकिटाच्या रांगेत उभा राहिलो. माझा नंबर चौथा होता.