गाळलेलं पहिलं वर्ष

तळ्यावरची कासवं मोजणाऱ्या माणसाला आमच्या कार्यालयात सगळे दुर्बीणकाका म्हणायचे. त्यांच्याकडे दुर्बीण नव्हती, लागायचीच नाही. काठावर उकिडवं बसून ते पलीकडच्या ओंडक्यावरची कासवं मोजायचे, तीही आकारानुसार वेगवेगळी: तळहाताएवढी, बशीएवढी, ताटाएवढी. सव्वीस वर्षं, दरवर्षी, अंडी घालायचा हंगाम सुरू व्हायच्या आधी. मग प्रत्येक घरट्यावर तारेची जाळी ठोकायची आणि कोल्ह्याकुत्र्यांवर डोळ्यांत तेल घालून पहारा करायचा. काकू म्हणायच्या, "पोरांचे वाढदिवस यांना मला सांगावे लागतात. कासवांचे मात्र तोंडपाठ!"

मी सॉफ्टवेअर लिहिते. त्यात एक चौकोनी तक्ता असतो. या वयाची शंभरातली किती पुढच्या वर्षापर्यंत जगतील, मोठ्या माद्यांमागे किती नवी येतील, असे आकडे त्यात भरायचे. वर्षामागून वर्ष गुणत गेलं की शेवटी एकच आकडा हाती येतो. तो एकाच्या वर असेल तर संख्या वाढतेय, खाली असेल तर घटतेय.

काकांच्या सव्वीस वह्या मी तीन दिवसांत उरकल्या. आकडा एकाच्या वर आला. तक्त्यात जाळ्या नाहीत असं धरून पाहिलं, तरी तो एकाच्या खाली येईना. सभेत मी छातीठोकपणे सांगितलं, "जाळ्यांची गरज नाही." साहेब खूश झाले. मागच्या खुर्चीतून काका हळूच म्हणाले, "मॅडम, पहिल्या वर्षातच फार मरतात हो." मी तोऱ्यात म्हटलं, "काका, हे तुमच्याच वह्यांतून आलंय." जाळ्या गोदामात गेल्या. काका आणखी दोन वर्षं मोजत राहिले; दर हंगामाआधी माझ्या सॉफ्टवेअरचा अंदाज त्यांच्या हाती जायचा. त्या सभेतला माझा आवाज आठवला की अजून स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

चार वर्षांनी दुसऱ्या एका तळ्यावरच्या संशोधक बाईंना माझं सॉफ्टवेअर हवं होतं. त्यांनी साधं विचारलं, "तुमची मोजणी पिल्लं जन्मायच्या आधीची की नंतरची?" उत्तर द्यायला वही उघडली. पहिल्याच पानावर ठळक अक्षरात होतं: 'मोजणी अंडी घालण्याआधी. सर्वांत लहान कासव एक वर्षाचं.' सव्वीसही वह्यांत तेच. मी पहिलं पान कधी वाचलंच नव्हतं, थेट आकड्यांच्या रकान्यांवर उडी मारली होती.

वहीतलं सर्वांत लहान कासव आधीच वर्षभर जगलेलं होतं. मी त्याच चौकटीत अंड्यातून नुकती निघालेली पिल्लं कोंबली होती. माझ्या तक्त्यात शंभर जन्मली की शंभरही एका वर्षाची व्हायची, एकही मरायचं नाही. काकांची सगळी मेहनत ज्या वर्षासाठी होती, तेच वर्ष मी गाळलं होतं. दुरुस्त करून पुन्हा चालवलं. जाळ्या असताना आकडा जेमतेम एक. नसताना बराच खाली.

काकांनी दोन वर्षांपूर्वी काम सोडलं होतं. अर्जात लिहिलं होतं, 'नजर कमी झाली.' मी तो वाचून पुढे सरकवला होता.

मी त्यांच्या घरी गेले तेव्हा ते खिडकीशी बसले होते, जाड भिंगांचा चष्मा लावून. काकूंनी पाणी आणून दिलं. मी ग्लास हातात धरूनच सगळं सांगून टाकलं. चूक माझी होती, हेही सांगितलं.

काकांनी चष्मा काढला. "तुमचं यंत्र म्हणायचं, यंदा तळहाताएवढी चारशे असतील. मला चाळीस दिसायची. म्हटलं, बारकी आहेत, आपलेच डोळे गेले. तीनदा नंबर बदलला."

"डॉक्टर दर वेळी सांगायचे, नजर चांगली आहे," काकू म्हणाल्या. "हे त्यांच्याशीच भांडायचे."

"म्हणजे डोळे ठीक होते माझे?"

"हो, काका."

मला वाटलं, निदान एवढं तरी त्यांना बरं वाटेल. ते चष्म्याच्या काड्या मिटत, उघडत राहिले.

"आणि ती चाळीस, ती खरोखरच चाळीस होती?"

मी होकारार्थी मान हलवली.

"डोळे गेले असते तर बरं झालं असतं," काका म्हणाले. "मी आपला समजत होतो, आहेत ती तळ्यात, मलाच दिसत नाहीत."