दुपारचं पाणी

बाबा मीरा रोडच्या एका सोसायटीत माळीकाम करायचे. झाडं सगळी गच्चीवर, कुंड्यांत. उन्हाळ्यात ते भर दुपारी दोनदा वर जायचे आणि कुंड्यांभोवती गुंडाळलेल्या गोणपाटावर पाणी मारायचे. त्याला ते कुंडीची आंघोळ म्हणायचे.

मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते, विषय वनस्पतिशास्त्र. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्या एप्रिलमध्ये सोसायटीत टँकर सुरू झाले आणि सेक्रेटरींनी बाबांना पाणी कमी करायला सांगितलं. गोडदेवच्या आमच्या खोलीत जेवताना बाबांनी मला विचारलं, "दुपारचं बंद केलं तर चालेल का गं?"

मी नुकतंच वाचलं होतं. झाडाला उष्णता कळते. हवा तापली की कोवळं रोप देठ लांबवतं, पानं जमिनीपासून वर उचलतं, म्हणजे त्यांना वारा लागतो. दुपारी माना टाकलेली पानं संध्याकाळी पुन्हा ताठ होतात. हे सगळं मी सांगितलं, जरा ऐटीतच. "चालेल," मी म्हणाले.

आई म्हणाली, "अगं, वीस वर्षं झाडं सांभाळतायत ते. त्यांना काय शिकवतेस?"

"तिच्या पुस्तकात आहे ना? मग झालं," बाबा म्हणाले.

पुस्तकातली झाडं जमिनीत होती. गच्चीवर लादी तापते, कुंडी तापते, आत मुळं भाजतात. मला हे सुचलंच नाही. पाच-सहा दिवसांनी पानं संध्याकाळीही उठेनात. आधी मोगरा गेला, मग जास्वंदी.

रविवारी मी बाबांबरोबर वर गेले. कुंडीला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. तेवढ्यात सेक्रेटरी आले. "काका, बगीचा बनाया है या सुकी मच्छी डाली है?"

मी सांगणारच होते. बाबा घाईने म्हणाले, "साब, मेरे से ही गलती हुआ."

महिनाअखेरीस तिथे दुसरा माळी आला. बाबा आता वरसाव्याच्या एका नर्सरीत मातीच्या गोण्या उचलतात. अजूनही मला विचारतात, अमक्या रोपाला सावली लागते का, पाणी किती घालायचं. मी म्हणते, "बाबा, मला नक्की माहीत नाही. तुम्हीच बघा."

ते खरंच असतं. पण त्यांचा चेहरा उतरतो. काम गेलं त्या दिवशीही तो इतका उतरला नव्हता.