मावशीचं डबकं

माझी मावशी शिवणकाम करायची आणि काका बस चालवायचे. काका निवृत्त झाले तशी दोघं मावशीला तिच्या वडिलांकडून मिळालेल्या जमिनीवर राहायला गेली. जमीन चांगली होती. फक्त वरच्या शेतात कायम ओल असायची आणि खालच्या कोपऱ्यात तर डबकंच होतं. काकांना ते भर रस्त्यात बंद पडलेल्या गाडीसारखं वाटायचं. "हे हटवल्याशिवाय मी गप्प बसणार नाही," असं ते म्हणायचे. तसेही ते कधी गप्प बसत नसत. मावशी मात्र कामं उरकली की कप घेऊन डबक्याकाठी जायची. तिथे बदकं उतरायची. का बसतेस असं विचारलं, तर "बसलेय" एवढंच उत्तर.

सरकार शेतीला मदत करतं, हे दोघांच्या कानावर होतं. पण कुठे विचारायचं, हे कुणालाच धड सांगता येईना. जो तो वेगळ्याच इमारतीकडे बोट दाखवी. काका जनावरांच्या दवाखान्यात जाऊन आले, जन्ममृत्यू नोंदणीच्या रांगेतही उभे राहिले. "तिथला माणूस फार चांगला होता," ते म्हणाले, "पण माझं त्याच्याकडे इतक्यात काही काम नाही."

शेवटी रंगाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर कृषी कार्यालय सापडलं. मधे बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या. काका डावीकडच्या खोलीत शिरले. तिथले साहेब म्हणाले, "पाण्याचा निचरा ना? आहे की योजना. चर खणून देऊ."

मावशी बाहेर बाकावर घामाघूम होऊन बसली होती. समोरच्या खोलीत पंखा फिरताना दिसला म्हणून ती आत जाऊन उभी राहिली. तिथल्या तरुण मॅडमनी तिला बसवलं आणि विचारलं, "तुमच्या जमिनीत पाणी साचतं का हो?"

"साचतं? घर करून राहिलंय."

"पक्षी येतात?"

"येतात, पण जायचं नाव घेत नाहीत."

मॅडम खुर्चीतून उठल्याच. अशी पाणथळ जागा त्या कधीच्या शोधत होत्या. ती आहे तशी राखली, तर सरकार मदत देणार होतं. मावशीला वाटलं, ही आपली चेष्टा करतेय.

"म्हणजे काहीच करायचं नाही?"

"काहीच करायचं नाही, मावशी. पण ते सोपं नसतं."

"आमच्या घरात तर मुळीच नाही," मावशी म्हणाली आणि तिने सही ठोकली.

घरी येताना दोघंही खुशीत होती. पण दुसरा का खूश आहे, हे कुणीच विचारलं नाही.

साहेब आणि मॅडम पाहणीला एकाच दिवशी आले, कारण कार्यालयाला जीप एकच होती. साहेबांच्या हातात मोजायची टेप, मॅडमच्या गळ्यात दुर्बीण. फाटकापाशी उतरल्यावर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तुम्ही इथे कशाला?"

"डबकं बघायला."

"मीपण!"

इकडे काका मावशीकडे वळले. "तू अर्ज केलास?"

"डबकं राखायला. आणि तुम्ही?"

"काढायला!"

साहेब म्हणाले, "आधी मोजून तर घेऊ," आणि टेप घेऊन पुढे झाले. दोन पावलांत गुडघ्यापर्यंत रुतले. काकांनी मागून बगलेत हात घातले. "अंग सैल सोडा, साहेब! न्यूट्रलला या, न्यूट्रलला!" साहेब निघाले, पण डावा बूट काही निघाला नाही. एवढा गोंधळ होऊनही बदकं जागची हलली नाहीत. मॅडमनी आनंदाने नोंद केली: माणसांना घाबरत नाहीत.

मग ओट्यावर चहा झाला. साहेब बादलीत पाय बुडवून बसले होते. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "खरं तर ओल वरच्या शेताला नडतेय. तिथे चर खणायला हवा. पण ते पाणी सोडायचं कुठे?"

"माझ्या डबक्यात सोडा," मॅडम म्हणाल्या. "उन्हाळ्यात ते निम्मं आटतं."

इतकी वर्षं समोरासमोर बसून त्या दोघांचं कामाचं बोलणं पहिल्यांदाच होत होतं.

चर झाला. वरचं शेत सुकलं आणि काकांनी तिथे कांदे लावले. डबक्याकाठी सरकारी पाटी लागली: 'संरक्षित पाणथळ जागा. मालकाच्या परवानगीशिवाय प्रवेश नाही.' मालक मावशी.

परवा मी गेले, तेव्हा काका दोन कप घेऊन त्या पाटीशी उभे होते.

"येऊ का गं?"

"बोलणार नसाल तर या," मावशी मागे न बघता म्हणाली.

काका जाऊन बसले. समोर बदकं रांगेने पोहत होती. मग त्यांना राहवलं नाही. "ते शेवटचं बदक बघ, लेन सोडून चाललंय."

मावशीने त्यांच्या हातातून आपला कप काढून घेतला आणि पाटीकडे बोट दाखवलं.