टेपमधला आवाज

मी तोतरी आहे, आणि तोतरेपणावरच संशोधन केलं. नव्वदच्या आसपास दोन वर्षं वाटूर, धावडा, अंबड अशी एसटीनं हिंडून मी अडखळणाऱ्या मुलांचं बोलणं टेप केलं. प्रश्न विचारताना मीच अडायचे, म्हणून मुलं मोकळी व्हायची. धावड्याची एक पोरगी म्हणाली, "बाई, तुमी बी अडकून राह्यल्या? मंग मी बोलते."

माझे मार्गदर्शक सर त्या कॅसेटी तपासतो म्हणून घेऊन गेले. पुढं जालन्याच्या एका कॉलेजात चर्चासत्र होतं. तिथं माझं सगळं काम त्यांच्या नावानं छापलेलं दिसलं. शेवटी बारीक अक्षरात माझे आभार. मी जाब विचारला, तर समजूत काढल्यासारखं म्हणाले, "अहो, एवढ्या लोकांसमोर तुम्हाला बोलता तरी येणार आहे का?"

अंगाची आग झाली. रडले नाही. मागच्या रांगेत जाऊन बसले.

"मी स्वतः गावोगाव हिंडलो," समोर टेपरेकॉर्डर आणि माझ्या कॅसेटी मांडून सर माइकवर सांगत होते. प्रश्नांची वेळ आली तसा मी हात वर केला. पहिलाच शब्द अडला. कुणीतरी हसलं. एरवी मी खाली बसले असते. त्या दिवशी मुद्दाम घाई केली नाही.

"क... क... कॅसेट लावा, सर. कुठलीही."

"वेळ नाही."

अध्यक्षस्थानी एक वयस्कर प्राध्यापिका होत्या. "लावा की," त्या म्हणाल्या.

टेप सुरू झाली. "तु... तु... तुझी शा... शाळा कोणती?" अख्खं सभागृह वळून माझ्याकडं बघायला लागलं. सरांचा हात बटणाकडं गेला. "राहू द्या," अध्यक्षबाई म्हणाल्या. कॅसेटची एक अख्खी बाजू ऐकवली. मी फक्त सरांचा चेहरा बघत होते. पोटभर बघितला.

कॅसेटी परत मिळाल्या, प्रबंध माझ्या नावानं झाला. पण माझं तेवढ्यावर भागलं नाही. जिथं कुठं वक्ते म्हणून त्यांचं नाव दिसायचं, तिथं मी घडलेलं सगळं लिहून सोबत टेपची नक्कल पाठवायचे. हळूहळू बोलावणी बंद झाली.

काही वर्षांनी मी अंबडला अशा मुलांसाठी केंद्र काढलं. तिथं सर आले, निवृत्त झालेले, वाळलेले. "कुणी ओळख दाखवत नाही. आता तरी थांबवा."

मी चहा दिला. म्हटलं, "न्... न्... नाही."

माझ्या हाताखाली शिकलेल्या मुली आज गावोगाव हेच काम करतात. त्यांना मी पहिल्याच दिवशी बजावते, प्रत्येक रेकॉर्डिंगवर आधी स्वतःचं नाव बोलायचं. का, ते विचारतात. मी सरांचं नाव घेऊन सांगते.